प्रयोगशाळेची देणगी आणि तेलातले थेंब



शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने विज्ञान प्रयोगशाळेसाठी मोठी देणगी देऊ केली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. तिचा विनियोग कसा करावा, हे विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत ठरेल. एक प्रस्ताव असा आहे, की वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटांची, वातानुकूलित अशी ‘मॉडर्न लॅब’ उभारावी आणि तिच्यात दाखवण्याजोगी चार-दोन मोठी यंत्रे ठेवावीत. प्रवेशाच्या दिवसांत पालक शाळा बघायला येतात, त्यांच्यावर चांगली छाप पडेल, हा त्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. इंदूरसारख्या शहरात मराठी शाळेचा पट टिकवणे किती कठीण झाले आहे, हे आम्हाला रोज दिसते. तरीही आमचे मत वेगळे आहे. ते सांगण्याआधी तेलातल्या थेंबांविषयी थोडे बोलावे लागेल. वाचकांनी धीर धरावा. विषय वाटतो तितका दूरचा नाही.

नववीच्या वर्गातला प्रश्न

नववीच्या वर्गात विज्ञानाच्या मॅडमनी एक साधा प्रयोग करून घेतला. दोन पारदर्शक बाटल्यांत खाण्याचे तेल घेतले आणि एका वाटीत निळी शाई टाकलेले पाणी. पहिल्या बाटलीत ड्रॉपरने एकेक थेंब सोडायचा. थेंब तेलातून सावकाश खाली जातात आणि तळाशी बसतात. सगळे जवळजवळ एका मापाचे, जणू ओवलेले मणी. पण दहा थेंब सोडायलाही वेळ लागतो. दुसऱ्या बाटलीत चमचाभर निळे पाणी एकदम ओतायचे, झाकण घट्ट लावायचे आणि बाटली जोरात हलवायची. क्षणात शेकडो थेंब तयार होतात, पण कोणी मोहरीएवढा, कोणी हरभऱ्याएवढा, आणि थोड्याच वेळात ते एकमेकांत मिसळू लागतात.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, थेंब सारखेही हवेत आणि पटकनही हवेत, तर काय करायचं?”

मॅडमनी उगाच काहीतरी उत्तर ठोकून दिले नाही. “मला माहीत नाही, बघून सांगते,” असे म्हणाल्या. याबद्दल आम्ही त्यांचे मनापासून अभिनंदन करतो. मग त्या आणि आम्ही दोघांनी मिळून वाचायला घेतले. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी शोधनिबंध वाचताना आजही शब्दकोश शेजारी लागतो. पण जसजसे वाचत गेलो तसतसे लक्षात आले, की त्या मुलीने विचारलेला प्रश्न जीवशास्त्राच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना कित्येक वर्षे सतावत होता.

थेंब कशाला हवेत?

सारख्या मापाचे बारीक थेंब कोणाला आणि कशासाठी हवे असतात? हे समजायला शाळेतलेच उदाहरण पुरे. शिक्षकांनी वर्गाला विचारले, “समजलं का?” आणि वर्ग एका सुरात ओरडला, “हो!” आता यातून कोणाला समजले नाही ते कळेल का? नाही. चाळीस आवाजांत गप्प बसलेला एक मुलगा दडून जातो. प्रत्येकाच्या हातात वेगळी पाटी देऊन उत्तर लिहायला लावले, की मगच तो सापडतो.

जीवशास्त्रात हीच अडचण येते. रक्ताच्या एका नमुन्यात लाखो पेशी असतात. सगळ्यांची एकत्र तपासणी केली तर सरासरी कळते, आणि हजारांत एखादीच वेगळी पेशी असेल तर ती त्या सरासरीत बुडून जाते. म्हणून नमुन्याचे इतके बारीक थेंब करायचे, की प्रत्येक थेंबात एक पेशी किंवा एक रेणू यावा, नाहीतर काहीच येऊ नये. थेंबाभोवती तेल असल्यामुळे एका थेंबातले दुसऱ्यात जात नाही. प्रत्येक थेंब म्हणजे एक स्वतंत्र परीक्षानळीच. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण मिलिलिटरचा विसावा भाग पाणी असते. त्याचे पन्नास हजार समान भाग केले तर एकेक भाग एक नॅनोलिटरचा होतो, आणि त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाइतका भरतो. संशोधक वापरतात ते थेंब याच मापाचे किंवा याहून लहान असतात.

ही कल्पना नवी नाही. १९५८ मध्ये गुस्ताव नोसाल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांच्या लसिकाग्रंथीतील पेशी तेलाखालच्या सूक्ष्म थेंबांत एकेकट्या ठेवल्या. त्या उंदरांना दोन वेगवेगळ्या प्रकारचे सालमोनेला जिवाणू टोचलेले होते. आता एकटी पेशी दोन्ही प्रकारच्या जिवाणूंविरुद्ध प्रतिपिंडे बनवते की एकाच? त्यांनी थेंबात जिवंत, पोहणारे जिवाणू सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून बघितले, की कोणाची हालचाल थांबते. उत्तर मिळाले, की एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते. रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रातला हा एक पायाभूत निष्कर्ष आहे. त्यासाठी लागले काय? बारीक पिपेट, तेल, सूक्ष्मदर्शक आणि अपार चिकाटी.

हाऊजीचे नव्वद चौकोन

थेंबांचा दुसरा उपयोग मोजणीसाठी. कोरोनाच्या काळात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घरोघरी पोचला. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत. ती शोधणाऱ्या कॅरी मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये बर्ट व्होगेलस्टीन आणि केनेथ किन्झलर यांनी ‘डिजिटल पीसीआर’ची पद्धत मांडली. नमुना इतका पातळ करायचा आणि इतक्या खळग्यांत वाटायचा, की काही खळग्यांत हवा तो रेणू यावा आणि काही रिकामे राहावेत. मग पीसीआर करायचे. ज्या खळग्यात रेणू आहे तो उजळतो, नाही तो अंधारा राहतो. आता किती उजळले आणि किती नाही, एवढेच मोजायचे. पुढे खळग्यांच्या जागी तेलातले थेंब आले आणि शेकड्यांची मोजणी हजारांवर गेली.

पण एका थेंबात दोन-तीन रेणू आले तर? तोही एकदाच उजळणार. मग खरी संख्या कशी कळणार? इथे गणित मदतीला येते, आणि ते गणित आमच्या मुलांनी एक पैसाही खर्च न करता करून पाहिले. गणेशोत्सवात मंडळ हाऊजी खेळवते, तिचा संच मागून आणला. फळ्यावर नव्वद चौकोन आखले. पिशवीतून एक अंक काढायचा, त्या चौकोनात खूण करायची आणि अंक परत पिशवीत टाकायचा. असे नव्वद वेळा. नव्वद चौकोन आणि नव्वद खुणा, म्हणजे प्रत्येक चौकोनात एक खूण पडेल असे बऱ्याच मुलांना वाटले होते. प्रत्यक्षात एका गटाचे ३१ चौकोन रिकामे राहिले, दुसऱ्याचे ३५, तिसऱ्याचे ३३. गणित सांगते, की साधारण ३३ रिकामे राहावेत. अकरावीच्या मुलांनी (१ – १/९०) चा नव्वदावा घात काढून ते पडताळले.

मग उलटा खेळ केला. मॅडमनी एकटीने अंक काढले, किती काढले ते सांगितले नाही, आणि मुलांना फक्त रिकामे चौकोन मोजू दिले. रिकामे ४७ निघाले. त्यावरून मुलांनी हिशेब केला, की अंक ५८ किंवा ५९ वेळा काढले असावेत. खरा आकडा होता ६०. न दिसणारी गोष्ट रिकाम्या जागांवरून मोजता येते, हे पाहून वर्गात जो आनंद झाला तो आम्ही दारात उभे राहून पाहिला. डिजिटल पीसीआरमध्ये हाच हिशेब चालतो. फक्त तिथे सगळे थेंब सारख्या मापाचे हवेत. चौकोन लहान-मोठे असले तर मोठ्यात खुणा जास्त पडतील आणि हिशेब बिघडेल. नववीच्या मुलीचा ‘सारखेही हवेत’ हा आग्रह म्हणूनच महत्त्वाचा.

यंत्राची वाट आणि गोळीची वाट

सारखे थेंब करण्याची नेहमीची वाट यंत्राची. रबरासारख्या पारदर्शक पदार्थाच्या लहानशा तुकड्यात केसासारख्या बारीक वाहिन्या कोरलेल्या असतात. एका वाहिनीतून पाणी आणि बाजूंनी तेल येते. जिथे ती भेटतात तिथे तेल पाण्याची धार चिमटून तोडते आणि सेकंदाला हजारो एकसारखे थेंब बाहेर पडतात. आपला ड्रॉपरच, पण अतिशय वेगवान. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी अशा थेंबांत एकेक पेशी आणि तिच्यासोबत ओळखचिठ्ठी असलेली एक सूक्ष्म गोळी ठेवून, हजारो पेशींतली कोणती जनुके कामात आहेत हे वेगवेगळे वाचून दाखवले. त्यातल्या एका गटाने उंदराच्या डोळ्यातील दृष्टिपटलाच्या ४४,८०८ पेशी तपासल्या आणि त्यांचे ३९ गट ओळखले.

काम मोठे, पण अडचणीही मोठ्या. नाजूक वाहिन्या तुंबतात. द्रव नेमक्या वेगाने ढकलणारे पंप लागतात. ते चालवणारा अनुभवी हात लागतो. आणि थेंब एकामागून एकच निघत असल्यामुळे नमुना मोठा असेल तर वेळही वाढतो. लहान गावातल्या रुग्णालयाला किंवा साध्या महाविद्यालयाला हे कसे परवडावे?

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को येथे ॲडम अबाटे यांच्या प्रयोगशाळेने एक वेगळी वाट मांडली. ती कळायला स्वयंपाकघरात जावे लागेल. भिजवलेला साबुदाणा डोळ्यांसमोर आणा. एकसारखे टपोरे दाणे, आणि प्रत्येकाभोवती पाण्याचा पातळ थर. त्या संशोधकांनी साबुदाण्याऐवजी पाण्याने फुगलेल्या जेलच्या सूक्ष्म गोळ्या घेतल्या, सगळ्या एका मापाच्या. त्या नमुन्यात मिसळल्या, जास्तीचे पाणी काढून टाकले, वरून तेल घातले. तेलात थेंब एकमेकांत मिसळू न देणारा, साबणाच्या जातीचा पदार्थ होता. मग ती नळी वॉर्टेक्स मिक्सरवर धरून हलवली. वॉर्टेक्स मिक्सर म्हणजे परीक्षानळी गरगर हलवणारे छोटे यंत्र. जीवशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेतही ते टेबलावर असते.

हलवताना काय होते? पाण्याचे मोठे थेंब तुटून लहान होतात, आणखी लहान होतात, आणि शेवटी एका थेंबात एकच गोळी उरते. पुढे तो थेंब तुटत नाही, कारण गोळी तुटत नाही. गोळ्या सारख्या, म्हणून थेंबही सारखे. मधूनमधून गोळी नसलेले अगदी बारीक थेंब तयार होतात, पण त्यांत एकूण पाण्याचा अंश फार थोडा असतो. नळीतले सगळे थेंब एकाच वेळी तयार होत असल्यामुळे हजार हवेत की लाख, हलवायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. २०२३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी या रीतीने एकेका पेशीतली जनुके वाचून दाखवली. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: सारखेपणा गोळीत ठेवायचा, म्हणजे हलवणारा हात साधा असला तरी चालतो.

हा जुगाड नव्हे

हे सारे आम्ही एका ज्येष्ठ विश्वस्तांना सांगितले तेव्हा ते स्नेहाने हसून म्हणाले, “म्हणजे जुगाडच की!” त्यांचा आदर राखून आम्ही असहमती नोंदवतो. जुगाड म्हणजे नेमकेपणा सोडून देऊन वेळ मारून नेणे. इथे नेमकेपणा सोडलेला नाही. त्याची जागा फक्त बदलली आहे. आधी तो यंत्रात होता, आता तो गोळीत आहे.

आणि ही गोळी आकाशातून पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एका मापाच्या त्या गोळ्या बनवताना त्याच नाजूक वाहिन्यांच्या यंत्राचा उपयोग केला जातो. फरक एवढाच, की ते काम एका ठिकाणी, जाणत्या हातांनी, एकदाच मोठ्या प्रमाणावर करायचे आणि गोळ्या अनेकांना वाटायच्या. शिवाय तेल खास प्रकारचे लागते, ते स्वस्त नसते, आणि शेवटी जनुके वाचायला मोठे यंत्र लागतेच. म्हणून ‘साध्या साधनांत सगळे फुकटात होते’ असा अर्थ कोणी काढू नये. कोणीतरी, कुठेतरी, काळजीपूर्वक काम केलेले असते, म्हणून टोकाच्या माणसाला साधे साधन पुरते.

हाच धडा आपल्या राज्याने अर्धशतकापूर्वी दिला होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नर्मदापुरममधील, १६ माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ हा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ या संस्था त्यामागे होत्या. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. खेड्यातल्या शाळांतली मुले लहान टोळ्या करून स्वतः प्रयोग करत. चिरफाडीच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. आजही ज्यांची खेळणी मुले बनवतात, ते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये इथेच येऊन गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची त्यांची खेळणी इथली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हेच काम चालू ठेवले.

बाभळीचा काटा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्या काट्यामागे काय होते? शिक्षकांची प्रशिक्षणे, दर महिन्याच्या बैठका, शाळेत येऊन अडचणी सोडवणारी माणसे, आणि विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांसह पुनःपुन्हा तपासलेली पाठ्यपुस्तके. ती त्या कार्यक्रमाची गोळी होती. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. काटे अजूनही झाडावर आहेत. पण मागचे काम थांबले, की नुसत्या काट्याने विज्ञान होत नाही.

आमच्या प्रयोगशाळेची खरी स्थिती

आता स्वतःच्या घरात डोकावू. आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहेत. ते कपाटात असतात, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कार्यालयात. मुलांच्या हातून भिंग फुटले तर भरपाई कोण देणार, ही भीती. त्यामुळे प्रयोग बहुधा शिक्षकच टेबलावर करून दाखवतात आणि चाळीस मुले भोवती उभी राहून बघतात. मागच्या रांगेला काही दिसत नाही. मग जर्नल लिहायची वेळ येते. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर चाळीस वह्यांत एकच, ९.८. दशांशचिन्हासकट.

यात मुलांचा दोष नाही, आणि आजच्या पिढीचाही नाही. आमच्या पदवीच्या काळातल्या हिंदी जर्नलमध्ये ‘प्रेक्षण’ नावाचा रकाना असे. प्रेक्षण म्हणजे निरीक्षण. वरच्या वर्गातल्या एका मित्राच्या वहीवरून आम्ही तो रकाना भरला होता. ज्या रकान्याचे नावच ‘पाहिलेले’, तो न पाहता भरला. त्यावर गुण पूर्ण मिळाले. हे इथे लिहिताना आनंद होत नाही. पण हे सांगितल्याशिवाय मुलांना प्रामाणिकपणा शिकवण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे वाटते.

आता तुलना करा. हाऊजीच्या प्रयोगात तीन गटांची तीन उत्तरे आली: ३१, ३५, ३३. कोणी खोडले नाही, कोणी शेजारच्याकडे पाहून बदलले नाही. उत्तरे वेगळी का आली, यावर मुलांनी वाद घातला. त्या तासाला जे विज्ञान झाले ते एकसारख्या चाळीस ९.८ मध्ये नव्हते. कारण साधे आहे. हात प्रत्येकाचा होता आणि आकडा स्वतःचा होता.

आमची सूचना

म्हणून देणगीच्या विनियोगासाठी आम्ही पुढील तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, दर दोन विद्यार्थ्यांमागे साध्या साधनांचा एक संच. त्यात ड्रॉपर, सुईविना सिरिंज, झाकणाच्या लहान नळ्या, भिंग, आलेख कागद, मोजपट्टी आणि घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक. मेरठमध्ये जन्मलेले आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनु प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये सहकाऱ्यांसह बनवलेला ‘फोल्डस्कोप’ अशाच कामाचा आहे. तो सुमारे १४० पट मोठे दाखवतो आणि खिशात मावतो. फुटले-हरवले तर शाळा सोसेल. मुलाकडून भरपाई मागितली जाणार नाही, असा ठराव व्हावा.

दुसरी, शाळेसाठी थोडी पण खरोखर अचूक उपकरणे. एक चांगला इलेक्ट्रॉनिक तराजू, कॅमेरा जोडलेला एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि अचूक मापाची काचसाधने. मुलांच्या हातातली साधने ठीक आहेत की नाहीत, हे यांच्यावर ताडून पाहता येईल. आपली ‘एका मापाची गोळी’ इथे ठेवायची.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, शिक्षकांचा वेळ. विज्ञान शिक्षकांना आठवड्यातून दोन तासिका केवळ प्रयोगांच्या तयारीसाठी मोकळ्या मिळाव्यात, आणि देणगीतला उरलेला भाग मुदत ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून एक प्रयोगशाळा साहाय्यक नेमावा. फोटोत हे दिसणार नाही. याचे उद्घाटन करता येणार नाही, कोनशिला बसवता येणार नाही. पण हे नसेल तर पहिल्या दोन गोष्टीही चार वर्षांत कुलूपबंद होतील.

कपाटाच्या किल्लीबद्दलचा निर्णय आमच्या अधिकारातला आहे, आणि तो आम्ही घेतला आहे. किल्ली आता विज्ञान शिक्षकांकडे राहील. जर्नलमध्ये आलेले उत्तर खोडून पुस्तकातले लिहिले तर गुण कापले जातील. चुकलेले पण स्वतःचे उत्तर कारणासह लिहिले तर कापले जाणार नाहीत.

काही शंका

पालक विचारतील, की याने बोर्डाच्या परीक्षेत आणि नीटमध्ये काय फायदा? आम्ही खोटे आश्वासन देणार नाही. यातून गुण लगेच वाढतील असे नाही. पण स्वतः मोजलेली गोष्ट मूल विसरत नाही, एवढे आमचा अनुभव सांगतो.

दुसरी शंका, आमच्या मुलांनी काय ड्रॉपरच घेऊन बसायचे? मोठ्या इंग्रजी शाळांतली मुले मोठी यंत्रे हाताळणार आणि आमची मागे पडणार? ही सल आम्हालाही आहे. पण काचेच्या कपाटातले यंत्र मुले हाताळत नाहीत, ती ते पाहतात. आणि थेंबांच्या गोष्टीत महागड्या यंत्राला पर्याय सापडला तो थेंब सारखे कशाने होतात हे नीट समजून घेतल्यामुळे. तो विचार करायला शिकवणे आपल्या आवाक्यात आहे. आपल्या मुलांचे माध्यम मराठी आहे की हिंदी, याने त्यात अडत नाही. साबुदाण्याचे उदाहरण कोणत्याही भाषेत कळते.

एक सूचना मात्र कळकळीने. घरी जिवाणू वाढवणे किंवा रसायने मिसळणे असले प्रयोग कोणीही करू नयेत. तेल, पाणी, शाई आणि हाऊजी यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीआधीच्या शनिवारी, प्रार्थनेनंतर, नववीचे विद्यार्थी दोन बाटल्यांचा प्रयोग आणि नव्वद चौकोनांचा खेळ पालक व विश्वस्तांकडून करून घेतील. बघायला नव्हे, करायला यावे. येताना झाकणाची एक रिकामी पारदर्शक बाटली आणावी. नवीन पालकांवर छाप पाडायची असेल तर त्यांनाही त्याच दिवशी बोलवावे, असे आमचे मत आहे. आमच्या सूचनांशी आपण असहमत असाल तर तेही लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे. ते बैठकीत वाचून दाखवले जाईल.

तिसऱ्या बाकावरच्या त्या विद्यार्थिनीला तिचे उत्तर मॅडमनी दिले आहे. ते ऐकून तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला: “मग त्या गोळ्या सारख्या आहेत, हे कसं तपासलं?”

त्या प्रश्नासाठी आम्हाला चांगला सूक्ष्मदर्शक हवा आहे. तो कपाटाबाहेर हवा आहे.

– प्राचार्य